दुसरी वेलांटी

खारकर आळीत गिरणीचा गिलावा उकरला
तेव्हा भिंतीतून माझं अक्षर निघालं.
निळ्यावर पांढरं, उजवीकडे लाल सावली :
'येथे मिरची, हळद दळून मीळेल.'
मीळेल. दुसरी वेलांटी.
ब्याऐंशी सालची, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली.

मी सगळ्यांना सांगत आलो की शिंक आली.
आत संकेश्वरी मिरची चालू होती,
स्टुलावर एक पाय, दातात ब्रश,
शिंकलो, आणि वेलांटी पलीकडे पडली.
खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं.
चेंदणीच्या शाळेत सातवीपर्यंत,
पुढे बापाबरोबर होडीवर, मग रंगात.
अक्षराचं वळण येत होतं, अक्षर नव्हतं.

वैशंपायन बाई भाजणीचा डबा घेऊन आल्या,
चष्मा कपाळावर सारला :
"नाखवा, मिळेल पहिली रे."
वेलजीशेठनी चार रुपये कापले
पण पुसून काही घेतलं नाही.
म्हणाले, लोक दळायला येतात, वाचायला नाय.
मी मात्र पुढं कित्येक वर्षं
जांभळी नाक्यावरून वळसा घालून घरी गेलो.

आता तिथं इरावती कॉफी विकते.
दोनशे ऐंशीला एक, वर फेसाचं पान.
भिंतीवर तिनं काच बसवलीय,
जात्याचा दगड उंबऱ्याशी, त्यावर कुंडी.
"काका, हे तुम्ही केलंय? कसलं भारी!"
दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवरची गर्दी
पांगत पांगत इथवर येते,
नऊवारी, गॉगल, धोतराखाली पांढरे बूट,
भिंतीला पाठ लावून उभी राहते.
एक मुलगी वेलांटीवर बोट ठेवून फोटो काढत होती.
म्हटलं, बाळा, चुकलंय ते.
म्हणाली, "तेच तर!"

समोर चेऊलकरांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
अब्राहमकाका डोळ्याला भिंग लावूनच
हिशोब करायचे, पैसेही भिंगातून मोजायचे.
त्यांच्या शटरवर मीच लिहिलं होतं : 'शनिवारी बंद'.
आता तिथं बूट मिळतात, शटर तेच ठेवलंय.
शनिवारी रात्री बारापर्यंत उघडं,
आणि अर्धं खाली ओढलं की वाचता येतं : बंद.

कॉफीच्या दुकानाला नाव ठेवलं 'मीळेल'.
पाटी मीच करायची, हातानं.
"आणि थोडी जुनी दिसू दे, काका."
जुनं करायला वेगळे पैसे, म्हटलं.
हो म्हणाली.

खडूचा दोरा ताणला, टिचकी मारली,
एनॅमल ढवळला, ब्रश उचलला
आणि हात 'म'च्या आधीच जाऊन उभा राहिला.
पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते,
दुसरी मागाहून, आणि लांब मान काढून बघते.
चाळीस वर्षं हाताला एवढंच शिकवलं होतं.
टर्पेंटाइननं पुसलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा मिरची आठवली,
वेलजीशेठच्या भुवयांवरची तांबडी पूड,
पट्ट्याचा फटफट आवाज, बापाची होडी,
तेव्हा कुठं चुकलं एकदाचं.

बिल लिहून दिलं :
पाटी सहा बाय दोन. रंग. जुनेपणा.
आणि खाली : जुनी वजावट परत, रुपये ४.
इरावतीनं विचारलं नाही.
फोन दाबला, माझ्या खिशात टिंग झालं.

बाई आता नव्वदीच्या, नव्या टॉवरात नवव्या मजल्यावर.
परवा नातसून व्हीलचेअर ढकलत
तलावपाळीहून आळीतनं नेत होती.
मी शिडीवर, सावलीचा शेवटचा हात मारत.
खुर्ची थांबली. चष्मा कपाळावर गेला.

"नाखवा," बाई म्हणाल्या,
"अजून?"