बिल्ला बघ

तुरीची आवक वाढली तसा उदगीरच्या मोंढ्यातला
पाळीचा फळा माझ्या ताब्यात आला.
एकशे चौऱ्याऐंशी हमाल,
आणि फोनच्या पडद्यावर ओळी मावतात
मोजून नऊ.

कसब एवढंच की
वर सरकून गेलेली ओळ फेकायची नाही,
तीच खालून परत आणायची, नवं नाव घालून.
थोरल्याचा सदरा धाकट्याला,
तसं.

पहिल्याच दिवशी घोळ.
बसवराजने ‘जेवायला’ची खूण केली
तेवढ्यात यादीच्या डोक्यावर एक नाव शिरलं,
सगळे एकेक पायरी खाली उतरले,
खूण मात्र होती तिथंच.
तिच्याखाली आता लालअहमद,
पाठीवर पोतं, घामानं निथळत.
"ताई, मी कवा जेवलो वो?"
सगळा मोंढा हसला.
मीही. जरा उशिरा.

गौसमामांनी अठ्ठावीस वर्षं हा फळा लिहिला,
पत्र्यावर, खडूनं.
चहाची बशी तोंडाला लावून म्हणाले,
"कितवा उभा हाय ते कामून बघलालीस?
रांग हालती.
बिल्ला बघ."

पितळी बिल्ला, छातीवर टाचलेला,
घासून घासून आकडे बसलेले.
त्या रात्री मी यादीला तेच शिकवलं:
जागा विचारू नकोस, बिल्ला विचार.
मग कोण वर सरकलं, कोण निघून गेलं,
तिचं तिलाच कळू लागलं.
खुणा आपापल्या माणसामागे चालू लागल्या.

आणखी एक गोष्ट मामांनी सांगितली नाही,
मीच पाहिली.
कुणी बोटानं आपलं नाव शोधत असतं,
तेवढ्यात नवी भर पडते
आणि यादी बोटाखालून निसटते.
वाचणाऱ्याच्या हातून ताट ओढू नये.
आता नवी नावं वर थांबतात,
"तीन नवे" एवढंच म्हणतात,
बोलावलं की येतात.

मग नागनाथ कोटमाळेनं बिल्ला परत केला.
गुडघे गेले होते.
एकसष्ट नंबर.
मी त्याचं नाव काढलं, मामांनी बिल्ला
खिळ्याला अडकवला.
"ह्यो आता कुणालाच द्यायचा न्हाई."

त्याच दुपारी त्याचा पोरगा लागला, रोहिदास.
बिल्ला दोनशे बारा, फोटो अजून नाही.
त्यानं स्वतःची ओळ शोधली,
नाव त्याचं,
आणि शेजारच्या गोलात
पांढऱ्या मिशांचा नागनाथ.
"बघा," तो म्हणाला, "बाप काय हटंना."

कारण मला लगेच कळलं.
ओळ तीच होती, वापरलेली.
नव्याकडं फोटो नव्हता, म्हणून मी लिहिलं नव्हतं काही,
आणि न लिहिणं म्हणजे पुसणं नव्हे.
मामांच्या पत्र्यावरही
कोरड्या फडक्यानं पुसलेली नावं
उन्हात तिरकं पाहिलं की अजून वाचता येतात.

एका ओळीचं काम होतं:
आधी पूस, मग लिही.
केलं.
संध्याकाळी रोहिदासच्या नावाशेजारी
नुसता करडा गोल.

तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.
मग म्हणाला, "माझा काढा की."
थप्पीला पाठ लावून उभा राहिला,
हनुवटी वर, उजवा खांदा जरा उतरलेला,
अजून एकही पोतं
उचललं नसताना.