कवडीचा गळा

हलका धान निघाला त्या आठवड्यात
कवडीनं आवाज टाकला.
मान लांब करायची, चोच उघडायची,
आणि आतून काहीच यायचं नाही;
बाजारात ओळखीचं माणूस दिसावं
आणि नाव आठवू नये, तसं.

मला वाटलं, माझंच पाप.
मशीनखाली चिंध्या पडतात, दोरे पडतात,
ही दिवसभर तिथंच टोचत असते.
गणवेशांची घाई होती, मी झाडलं नव्हतं.
पहाटे पोटली चाचपली : मऊ, रिकामी.
जिभेखाली पाहिलं : गुंडाळलेलं काही नाही.
तुरा मात्र दहादा धुतलेल्या तांबड्या कापडासारखा
फिका पडत चाललेला.

मोहुर्लेबाई कुंपणावरून म्हणाली,
"उद्या रविवार आहे, कापून टाक.
मेल्यावर काय कामाची?"
खोटं नव्हती बोलत.
कोंबडीला नाव दिलं, चूक तिथंच झाली.

गोमाजी नैताम बत्तीस वर्षं
आरमोरीच्या जनावरांच्या दवाखान्यात शिपाई.
अकरा डॉक्टर आले, बदलून गेले.
तो टॉर्च घेऊन आला
आणि कोंबडीआधी खुराडं पाहिलं.
फळीच्या फटीत बोट फिरवून माझ्यापुढं धरलं :
बोटावर तांबडी राई, चालणारी.
"हे रातीला चढतेत, रगत पितेत.
तू दिवसा पायतेस, तुले कसे दिसतीन?"

मग कवडीला टॉवेलात गुंडाळलं,
पंख आत, मान बाहेर, तान्ह्या लेकरागत.
त्यानं तिच्या गळ्याला कान लावला.
"आयक."
मी ऐकलं.
तेल संपलेल्या मशीनचा पट्टा घासतो
तसं काहीतरी, फार आत.

तेवढ्यात ती शिंकली.
काजं करायला मांडलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर
थोडा चिकटा पडला, त्यात लाल धागा.
सवयीनं मी सुईचं टोक पुढं केलं, उचलावा म्हणून.
धागा हलला.
त्याला बेचकी होती.

"एक नोहे, दोन हायेत," गोमाजी म्हणाला,
"नर आन् मादी.
एकदा चिकटले का सुटत नाही.
बांधीतलं गांडूर खाल्लं असंल हिनं,
त्यातून येतेत, आन् हिच्या गऱ्यात संसार मांडतेत."
मला हसू आलं.
माझ्या सोडचिठ्ठीचा कागद
याच मशीनच्या खणात आहे, बॉबिनांखाली.

औषध वजनावर असतं.
बारसागडेच्या काट्यावर बसवली : एक किलो तीनशे.
तो म्हणाला, साफ करून देऊ का अशीच नेता?
गोमाजीनं माप घेतलं, चोचीच्या कडेनं
थेंब थेंब सोडलं. "मदात टाकू नोको,
मदात श्वासाचं भोक हाय."
पुन्हा पंधरा दिवसांनी यायचं त्याच्याकडं ठरलं.
अंडी त्यानं सांगेस्तोवर खायची नाहीत.

खुराड्यावर उकळतं पाणी ओतलं,
फटी चुन्यानं बुजवल्या,
खड्ड्यात चुलीची राख आणि वाळल्या कडुलिंबाचा चुरा.
बाकीच्या चार तिथं लोळल्या, लग्नघरी आल्यागत.
कवडी वेगळ्या डाल्याखाली.
तरी अंडी देतच होती, वेडी.
मी ती सीताफळाच्या बुडाशी पुरत होते
आणि मोहुर्लेबाई कुंपणापलीकडून मोजत होती.

सदरा तीनदा धुतला, उन्हात टाकला, इस्त्री केली.
पाचवीतल्या कोणाच्या अंगात आहे तो,
मी सांगणार नाही.

गोमाजीनं पैसे घेतले नाहीत.
कोटाची गुंडी लावून घेतली आणि गेला.

दहाव्या दिवशी मागून आवाज आला.
गंजक्या कडीसारखा, चिडका,
उधारी मागायला आलेल्या बाईसारखा.
मी लगेच वळले नाही.
आधी मशीन थांबवली,
खाली पडलेले दोरे
एकेक करून वेचले.