उपसा

बोल्सवर्डच्या पलीकडे, समुद्राहून खाली आमचं गाव.
पंप थांबले तर पंधरवड्यात
गाईंच्या कुरणात बदकं पोहतील,
हे मी तीस वर्षं शाळेतल्या पोरांना सांगत आले,
पाणी-मंडळाचा निळा कोट घालून,
कालव्यात दोरीने बाटली सोडताना.

आता माझ्याच उजव्या फुप्फुसाबाहेर साचलंय.
दीड लिटर तरी, म्हणाले डॉक्टर वीबे,
आणि पाठीत, दोन फासळ्यांच्या मधून
सुई सरकवली.
नळीतून उतरलं ते पिवळसर, जरा गढूळ,
ऑगस्टातल्या चराच्या पाण्यासारखं.
सवयीने विचारलं मी: तारीख घातली का? वेळ?
नर्स हसली.
मी गंमत करत नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी स्तनासकट काढलेली गाठ
आता हाडांत आहे, थोडी यकृतात,
आणि गोळ्यांना चकवायला शिकलीय.
कशी शिकली, ते कळायला मणक्याचा तुकडा हवा होता.
मी नाही म्हटलं.
रक्त घेतलं.
रक्त काही बोललं नाही.

मग ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेतला योरित,
माझ्या धाकट्याच्या वयाचा, फोनवर समजावू लागला:
बाटली गरगर फिरवली की पेशी तळाशी बसतात,
वरची निवळ आम्ही आजवर मोरीत ओतायचो, मेव्राउ.
त्या निवळीतच तरंगत असतात
गाठीच्या डीएनएचे तुटके धागे,
मरता मरता पेशींनी सांडलेले.

म्हटलं, पोरा, हे मला शिकवतोस?
होइटेमाच्या चीज-कारखान्याने रात्री गटार सोडलं होतं,
सकाळी तोंड धुऊन सगळे साळसूद.
मी चार किलोमीटर खाली, वेतांच्या बेटाशी
एका बाटलीत धरला होता त्याला.
मासा दिसत नाही तेव्हा खवले शोधायचे.
पलीकडे तो गप्प. मग म्हणाला,
हे मी आमच्या साहेबांना सांगेन.

नऊ दिवसांनी निकाल.
इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जनुकात एक अक्षर बदललंय;
किल्ली न लावताच दार उघडं राहतं.
म्हणून गोळी बदलली. रोज एक, जेवणासोबत.
बरी होईन असं कोणी म्हणालं नाही,
मीही विचारलं नाही.
आमच्या पंपांनी कधी समुद्र संपवलाय?
कुरण कोरडं राहिलं की दूध निघतं, एवढंच.

काल पुन्हा उपसा.
या वेळी सातशे मिलिलिटर. श्यूर्ड म्हणाला, अर्धंच की!
आणि उगाच खिडकीकडे बघत बसला.
मी चष्मा लावून बाटलीवरचं लेबल वाचलं:
त्यित्स्के होएकेमा, तारीख, वेळ.
ठिकाण घातलंच नव्हतं.
आम्ही तिथे कालव्याचं नाव लिहायचो.

मी पेन मागितलं.