शेरा

मे महिन्यात नागपुरात बॉनेट
दुपारी उघडायचं नसतं,
हे तीस वर्षांत मला कळायला हवं होतं.
वाडीच्या गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे
ती उभी होती: दोन दारं, लांब नाक,
मागून रुंद. आखाडा सोडलेल्या पैलवानासारखी
खाली सैल, खांदे अजून तसेच.
एकोणीसशे सत्तरची प्लिमथ. रंग जांभूळ.
दिल्लीच्या वकिलातीतला कुणी साहेब सोडून गेला,
सरकारी लिलावात बाराहात्यांनी उचलली,
म्हणे, एका ट्रकच्या पैशात.

रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं.
छताला चिकटलं. दाराला चिकटलं.
डाव्या मडगार्डवरून घसरून खाली.
टण्ण.
"लांबी भरली आहे," मी म्हणालो, "अर्धा इंच तरी."
हेमलता बाराहाते म्हणाली,
"बाबा तं म्हणत, हिले ओरखडाबी नाही."
भाऊ हैदराबादहून फोनवर:
"जरा वरचा आकडा लिहा, साहेब."
भावाचा हिस्सा तिला विकत घ्यायचा होता.
ती काही म्हणाली नाही,
ताकाचा दुसरा पेला पुढे केला.

मी ट्रकांचा माणूस. सांगाडा, टायर, वय,
वर्षाला इतके टक्के घट, खाली सही.
इथे घट उलटी चालते.
जितकी जुनी तितकी महाग, पण
जितके हात लागले तितकी स्वस्त.
नवा रंग म्हणजे उणे. मूळचा गंज,
जपून सांगतो, कधीकधी अधिक.
किती बनल्या, किती उरल्या, ते एकवेळ सापडेल.
पण देशात बहुधा एकच असलेल्या वस्तूचा
बाजारभाव कोणत्या बाजारात विचारायचा?
इतवारीत तर नाही.

मग बॉनेट.
आत मॅटाडोरचं डिझेल इंजिन,
एवढ्या मोठ्या खोलीत
भाडेकरूसारखं एका कोपऱ्याला.
"एकोणऐंशी साली पेट्रोल परवडेना,
मोमिनपुऱ्यात बदलून आणलं.
शाळेत घ्यायले आली की पोरी ओरडत,
तुमचा ट्रॅक्टर आला बाप्पा."
मी वहीत लिहिलं: नंबर जुळत नाहीत.
त्या एका ओळीचे किती लाख, तेही सांगितलं.
ती हसली की काय, गोदामात दिसलं नाही.

पुढचं माझ्या कामात बसत नाही.
संध्याकाळी मोमिनपुऱ्यात गेलो.
शकूर मिस्त्री, वय ऐंशीच्या पुढे, कान गेलेले,
व्हाइसवर एक स्प्रिंग सरळ करत होते.
व्हाइस ज्या ठोकळ्यावर बसवला होता
त्याला आठ भोकं, चार इकडे, चार तिकडे,
एकमेकांपासून फाकलेली.
एकात पाने, एकात पक्कड, एकात चहाचे कप.
मी अंगठ्याने ग्रीस पुसलं. मग रुमालाने. मग रॉकेलने.
आकडे एकेक करून वर आले.
वहीतले शेवटचे सहा ताडून पाहिले.
चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

किंमत विचारली, मोठ्याने.
मिस्त्रींनी कॅलेंडरमागून एक चोपडी काढली,
कडा उंदरांनी खाल्लेली:
बाराहाते सेठ, इंजिन उतरवणी-चढवणी,
मजुरी अकराशे, जमा चारशे.
सातशे द्या आणि घेऊन जा, म्हणाले.
तेव्हाच सांगितलं होतं,
हिशेब मिटवा नि माल न्या.
ते आलेच नाहीत.
आणि व्याज? मी विचारलं.
त्यांना ऐकू आलं नाही. किंवा आलं.

रात्री कूलरसमोर अहवाल लिहायला बसलो.
दोन रकमा: इंजिनासह, इंजिनाविना.
मधल्या अंतरात गोरेवाड्याला प्लॉट यावा.
आधी बहिणीला सांगू की भावाला?
दोघांचा बाप एकच, उधारीही एकच.
रुमालात लांबीची एक खपली निघाली,
एका बाजूने जांभळी.
ती कुणाच्या हिश्श्याची, कोण जाणे.

शेऱ्याच्या रकान्यात जागा दोन ओळींची.
डाव्या मडगार्डला लांबी, लिहिलं.
मूळ इंजिन मोमिनपुऱ्यात, वापरात. देणे सातशे.
देणे कुणाचे, ते राहिलंच,
म्हणून पेनाचं टोपण पुन्हा काढलं,
आणि लाईट गेली.