गुरुवारपर्यंत

भाजणीच्या डब्यात, तळाशी,
चार वर्षं ठेवली मी ती पट्टी.
सासूबाईंना थालीपिठानं पित्त होतं,
त्या डब्याला त्यांचा हात लागत नाही,
म्हणून तिथे.

गाला मेडिकलमधला पोरगा खोकं काढून फेकायचा
आणि नुसती पट्टी गुजराती पेपरात गुंडाळून द्यायचा,
जशी मी चोरीचा माल नेतेय.
एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी.
तपकिरी नुसत्या लोहाच्या, रोजची सवय मोडू नये म्हणून.
हे मला चौथ्या वर्षी कळलं.

आधी छाती जड झाली. मग गालांवर वांग उतरले.
नलूवन्सं म्हणाल्या, उन्हात फार फिरतेस,
आणि विक्रोळीहून कोरफडीची कुंडी घेऊन आल्या.
मग दोन महिने पोळ्या लाटताना रडू यायचं.
कारण नसायचं.
पोळ्या गोल व्हायच्या तरी.

भांडुपच्या पतपेढीत मी रोखपाल.
एका दुपारी
सात हजार चारशे पन्नासातले पन्नास दिसेनात.
डाव्या बाजूनं नागमोडी उजेड सरकत आला,
वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखा,
एकेक आकडा खात.
वीस मिनिटांनी उजेड गेला, अर्धं डोकं फुटायला लागलं.
मॅनेजर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल.
वाढला नव्हता.
तसं अजून तीनदा झालं. मी कपाळाला बाम लावला
आणि रात्री जेवणानंतर गोळी घेतली.

शुक्रवारी सकाळी उजवी पोटरी दगडासारखी,
गरम, डावीच्या दीडपट.

राजावाडीत डॉक्टर मिस्किटा भराभर विचारत होत्या.
सिगरेट? नाही.
डोकं दुखण्याआधी उजेड दिसतो? हो.
गोळ्या कसल्या? मी इकडेतिकडे बघून सांगितलं.
घरात कुणाला रक्ताची गाठ?
नाही, म्हटलं. आणि मग मोहनामावशी आठवली,
बाळंत होऊन सातव्या दिवशी
पाणी प्यायला उठली आणि चुलीपाशीच गेली.
दृष्ट लागली म्हणायचे सगळे.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

गार जेली, अंधारी खोली.
यंत्रातून माझंच रक्त चालताना ऐकलं,
कुणी वाळत घालायची साडी झटकतंय तसं,
फस्स, फस्स.
गुडघ्यामागे आवाज थांबला.
मुलीनं यंत्र थोडं मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं.
तिथे थांबलेलाच.

पोटात सुया घेतल्या दहा दिवस. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या,
दात घासले की बेसिन गुलाबी.

खोक्यातला कागद डॉक्टरांनीच मिळवून दिला.
लेकीच्या प्रयोगवहीतलं भिंग लावून वाचला.
उजेडाची डोकेदुखी असेल तर घेऊ नये.
असं लिहिलंय. आठ घड्यांच्या आत.
गाठ होते वर्षाला दहा हजारांत आठेक जणींना.
गरोदरपणात त्याहून जास्त, डॉक्टर म्हणाल्या, हेही लक्षात ठेवा.
ठेवलं.
दहा हजारांत आठ.
पतपेढीत आम्ही एवढी रक्कम किरकोळ खात्यात टाकतो.

गोळीला शिव्या द्यायच्या नाहीत मला.
तिच्याच जिवावर मी हिशेब तपासणीची परीक्षा दिली,
कॅलेंडर न बघता झोपले.
पण चार वर्षांत
एकदाही कुणी दंडाला पट्टा बांधून पारा बघितला नाही,
एकदाही कुणी मावशीबद्दल विचारलं नाही.
आणि मी तरी कुठे कुणाला सांगितलं,
डबा सोडून?

काल रात्री सुधन्वासमोर दुसरा कागद ठेवला.
पुरुषांची शस्त्रक्रिया, बिनटाक्याची, अर्ध्या तासाची.
त्यानं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.
मग अगदी हळू, काळजीनं विचारलं,
याचे काही साइड इफेक्ट असतात का गं?

पट्टी गुरुवारपर्यंत फोडलेली आहे.
शुक्रवार अजून जागच्या जागी, पांढरा.
मी डबा परातीत उपडा केला
आणि भाजणी चाळायला घेतली.