तिन्नावा?

साखर पेठेतल्या बोळात, मागांच्या खडखडाटात
त्यांची दहा बाय बाराची खोली.
पाटी नाही. उंबऱ्याशी चपलांचा ढीग, तीच पाटी.
आत नरसिंगय्या ताता,
डिझाइन चुकल्यानं बाजारात न खपलेल्या चादरीवर.
चादरीतल्या मोराला एकच पाय.

गुरुवारी गर्दी.
फंडाचे अडकलेले पैसे, नांदत नसलेली लेक,
माग विकावा की ठेवावा,
तेलुगूत, कानडीत, मराठीत
सगळं त्यांच्यापुढे ओतायचं.
ते बघत राहायचे, ओठांकडे.
मग एकच विचारायचे : तिन्नावा?
जेवलीस का?
आणि आतून कडक भाकरी यायची, वर शेंगाचटणी.

माझी आई मंत्र मागायला गेली.
रोज हजार विड्या वळून बोटं तिची वाकलेली.
त्यांनी तुटकं सूत हातात दिलं.
‘बांध.’
गाठ फुगीर बसली.
‘फणीतून गेली पाहिजे. पुन्हा.’
अकरा गुरुवार हेच.
मी चिडायचे, लोकांचे गुरू कानात काहीतरी सांगतात,
आपला सूत देतो!

बाराव्या गुरुवारी गाठ फणीतून गेली,
कुठं होती तेही कळेना.
आई तशीच विडी घरकुलला गेली,
नऊ वर्षं अबोला धरलेल्या बहिणीकडे.
काय बोलल्या, काय की.
येताना पदरात मावशीच्या झाडाची लिंबं होती,
दोन किडकी.

आता मी दवाखान्यात कान तपासते.
परवा नातवानं तातांना आणलं.
काचेपलीकडे बसवलं, मुठीत बटण दिलं,
आवाज आला की दाबा.
मी आवाज वाढवत गेले.
अंगठा हलला नाही.
चाळीस वर्षं जकार्ड मागावर.
दोन्ही कान
कधीच गेलेले.

म्हणजे आईचं रडणं,
गल्लीतल्या साऱ्या बायकांचं,
त्या गुरुवारांचं
काहीच?

कागदावर लिहिलं : ताता, मग आमचं ऐकलंत काय?
नातवानं खुणेनं सांगितलं त्यांना.
ते हसले, आवाज न करता.
कागद उलटा केला, तेलुगूत काही लिहिलं.
घरात बोलतो आम्ही ती भाषा,
वाचता मला येत नाही.
तीनच अक्षरं होती.
ओळखली.

भिंतीवर साडेतीन वाजलेले,
डबा पिशवीत तसाच.
ते काचेतून बघत होते, ओठांकडे.
मी नुसते हलवले :
नाही.