कॅनडा कॉर्नर

कॅनडा कॉर्नरला कॅनडा नाही.
एक झेरॉक्सचं दुकान आहे, एक चष्म्याचं,
आणि सिग्नलपाशी मी,
पिशवीत दोनशे चौदा पानं:
तू मला लिहिलेलं, मी तुला लिहिलेलं.
‘जेवलास का’ एकोणसाठ वेळा आलंय.
झेरॉक्सवाला पोरगा वाचत नाही, नुसता मोजतो,
पण तिथे एकदा हसला.

वकीलबाई म्हणाल्या, नातं खरं आहे हे दिसायला हवं.
फोटो चालतील, पण त्यात माणसं असू देत,
नुसतेच दोघे असले की त्यांना शंका येते.
म्हणून चर्चच्या पायऱ्यांवरचा तो फोटो काढला
ज्यात तुझी आत्या डोळे मिटून उभी आहे
आणि कडेला केटररचा माणूस
वाटीतला पुलाव चाखून बघतोय.
आपला साक्षीदार तो.

आकडा तुझ्या पगाराचा बघतात, कृपा.
माझा धरतच नाहीत,
जसं काही चौदा वर्षं सातपूरला लेथवर उभं राहून
मी काहीच कापलं नाही.

तू तिकडे कुणाच्या तरी आईला
दर दोन तासांनी कूस बदलून देतेस,
जास्तीच्या रात्री मागून घेतेस,
आणि आकड्याकडे जराशी सरकतेस.
मग आकडा सरकतो.
शाळेत होतं ना ते गणित,
माकड खांबावर तीन फूट चढतं, दोन फूट घसरतं,
तर वर कधी पोचेल?
त्यात खांब वाढत नव्हता.

साठवलेले पैसे मात्र बँकेत आहेत.
त्यांना हात लावायचा नाही, हलवायचं नाही,
विरजण लावल्यासारखे
सहा महिने झाकून ठेवायचे.

इकडे माझी गाडी ऑइल प्यायला लागली.
शकीलभाई म्हणाला, हिला आता सोडा,
बोअर दोनदा केलं, तिसऱ्यांदा मी नाही करणार.
म्हणून शनिवारी त्र्यंबक रोडच्या शोरूममध्ये गेलो.
सेल्सवाल्यानं विचारलं, सर, वापर कसा?
रोजचा, की लांबचा?

रोजचा म्हणजे अंबड लिंक रोड, खड्डे धरून.
लांबचा
अजून ठरायचाय.

शंभर सीसी मायलेज देते.
साडेतीनशेची घेतली तर तुझा भाऊ म्हणेल,
जायचं रद्द झालं वाटतं.
हप्ते छत्तीस.
छत्तीस महिने मी इथेच असेन
हे सही करून द्यायचं म्हणजे
तोंडाला कोरड पडली, त्याच्याकडे पाणी मागितलं.

तुझी ड्युटी संपली होती, तिथे सकाळ.
तुला फोनवर सगळ्या गाड्या दाखवल्या, ओळीनं.
तू बूट काढत काढत बघत होतीस.
म्हणालीस, विकताना किंमत येईल अशी घे.
मग बराच वेळ काही नाही,
मागे बस गेल्याचा आवाज.
मग म्हणालीस, आणि मागची सीट रुंद बघ.

टेस्ट राइडला सोमेश्वरपर्यंत गेलो.
मागच्या सीटवर पानांची पिशवी, रबरी दोरीनं बांधलेली,
स्पीडब्रेकर आला की मी हळू घेत होतो.

परत येतोय तर झेरॉक्सवाल्याचा फोन:
दादा, तुमचं एक पान काचेवरच राहिलं.
म्हणजे पिशवीत दोनशे तेराच होती,
आणि मी दोनशे चौदाचे पैसे दिले होते.

गेलो. त्यानं पान घडी करून ठेवलं होतं.
त्यावर शब्दच नाहीत.
तुझा मिस्ड कॉल, पुन्हा तुझा, पुन्हा,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांपासून तीनपर्यंत,
आणि सकाळी माझा
नुसता एक अंगठा.

हे पुराव्यात धरतात का,
वकीलबाईंना विचारायला हवं.